काचेवरचा ताप

हिवतापाची काच नीट झाली की नाही हे पाहायला मायक्रोस्कोप लागत नाही, जुनं वर्तमानपत्र लागतं. डाव्या हाताची अनामिका स्पिरिटने पुसायची, कडेला सुई टोचायची, काचेवर शेजारी शेजारी तीन थेंब घ्यायचे आणि दुसऱ्या काचेच्या कोपऱ्याने फिरवून त्यांचा सेंटिमीटरभर रुंदीचा गोल करायचा. मग काच छापील मजकुरावर धरायची. गोलातून अक्षरं जेमतेम वाचता आली तर थर बरोबर. स्वच्छ दिसली तर रक्त कमी पडलं. दिसेनाशीच झाली तर थर जाड झाला, आणि जाड थर पुढे धुताना पापुद्र्यासारखा सुटून जातो. गोलाच्या पलीकडे एक थेंब जिभेसारखा लांबवून पातळ थर करायचा आणि तो वाळला की त्यावरच शिसपेन्सिलीने नंबर घालायचा. वाळवायलाही उघड्यावर ठेवायचं नाही. माश्या, मुंग्या आणि झुरळं काचेवरचं रक्त चाटूनपुसून खातात, आणि तपासणाऱ्याच्या हाती नंबर घातलेली कोरी काच येते.

आरोग्य सेवकांच्या पिढ्यांनी अशा काचा बनवल्या. कागदोपत्री तिला ‘रक्तनमुना’ म्हणतात, बोलताना नुसती ‘काच’ किंवा ‘स्लाइड’. तिच्या आधी खेड्यात अंदाज होता. तिच्यानंतर प्लास्टिकच्या खोक्यातली पट्टी आली, जिला आशाताई ‘किट’ म्हणतात. तपासण्यांच्या या घराण्यातली एकही पिढी दुसरीपेक्षा हुशार निघाली म्हणून गावात आलेली नाही. प्रत्येक वेळी कोणीतरी हिशेब केला आणि आधीची पिढी महाग पडायला लागली, म्हणून नवी आली. गंमत म्हणजे ती महाग पडली हे समजलं तिच्या किमतीवरून नव्हे, औषधाच्या किमतीवरून.

मूळ पुरुष अंदाज. त्याला कमी लेखायचं कारण नाही. इटालियन माणसाने दलदलीवरच्या वाईट हवेला दोष दिला आणि ‘मलेरिया’ म्हटलं. आपण कारणाच्या भानगडीत न पडता जे अंगावर येतं त्याचं नाव ठेवलं. हीव म्हणजे थंडी, संस्कृतातल्या ‘हिम’चं घरगुती रूप. हीव भरतं, दात वाजतात, चार गोधड्या पुरत नाहीत, मग ताप, मग घाम. असा ताप दिवसाआड ठरल्या वेळी परत येतो म्हणून तो ‘पाळीचा ताप’. वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांनी विषमज्वराचे अन्येद्युष्क, तृतीयक, चतुर्थक असे भेद करून ठेवले ते दिवस मोजूनच. ही फुकटची तपासणी होती आणि बऱ्यापैकी खरीही होती. १८८५-८६ मध्ये इटलीत कामिल्लो गॉल्जीने दाखवलं की रक्तपेशीत वाढणारे परजीवी एकदम पेशी फोडून बाहेर पडतात तेव्हा ताप चढतो. एका जातीत हे तिसऱ्या दिवशी घडतं, दुसरीत चौथ्या. आजीबाईचं पाळी मोजणं मायक्रोस्कोपखाली खरं ठरलं. खोट एकच होती. माणसं मारणारी जात, फाल्सिपॅरम, पाळी धड पाळत नाही. ज्या तापात दिवस मोजायला वेळ नसतो, त्याच तापात मोजणी चुकायची.

अंदाजाला दुसरा आधार मिळाला औषधाचा. मोदेनाच्या फ्रांचेस्को तॉर्तीने १७१२ मध्ये लिहून ठेवलं की सिंकोनाच्या सालीने जो उतरतो तो ताप वेगळा आणि जो उतरत नाही तो वेगळा. म्हणजे आधी औषध द्या, निदान मागाहून होईल. ही रीत आपल्याकडच्या दवाखान्यांत अजून जिवंत आहे. फक्त तॉर्तीचं नाव कोणी घेत नाही. बंगालमध्ये १८९२ पासून टपाल कचेरीत क्विनीनची पुडी एका पैशाला मिळू लागली. ताप आलेल्या माणसाने पोस्टात जायचं, पैसा टाकायचा, पुडी घ्यायची. यात तपासणीचा खर्च शून्य, कारण तपासणीच नाही.

सरकारला मात्र एका माणसाचा ताप नको होता, मुलखाचा हवा होता. त्यासाठी हातापेक्षा स्वस्त साधन नव्हतं. १८४० च्या दशकात उत्तरेत यमुनेच्या कालव्यांच्या काठच्या गावांत ताप वाढल्याची ओरड झाली, तेव्हा टी. ई. डेम्प्स्टर या डॉक्टरने गावोगाव लोकांच्या डाव्या बरगडीखाली हात घालून पाहिलं. हिवताप वारंवार झाला की प्लीहा सुजते, हाताला लागते. मराठीत तिला पानथरी म्हणतात. शंभरातल्या किती जणांची पानथरी वाढली आहे यावरून गाव किती तापट हे ठरवायची ही पद्धत पुढे शंभर वर्षं चालली. ना काच, ना रंग, ना वीज. हात स्वच्छ आणि ऊबदार असला की झालं. थंड हाताने मूल पोट आवळून धरतं.

काचेची कथा अल्जीरियातल्या कॉन्स्टँटीनच्या लष्करी इस्पितळात सुरू होते. ६ नोव्हेंबर १८८० रोजी अल्फाँस लाव्हेराँ हा फ्रेंच लष्करी डॉक्टर तापलेल्या सैनिकाचं ताजं, न रंगवलेलं रक्त पाहत होता. त्यात चाबकासारखे तंतू वळवळताना दिसले. परजीवी सापडला, पण सगळ्यांना पटायला वर्षं गेली, कारण इतरांना तो दिसेना. बिनरंगाच्या रक्तात परजीवी शोधणं म्हणजे दह्यात पांढरा दोरा शोधणं. नजर लाव्हेराँची होती. ती खेड्यातल्या पगारी माणसाला देता येणार नव्हती. काच गरिबाच्या उपयोगी पडायची तर तिला रंग हवा होता.

रंग आले कापडाच्या बाजारातून. मिथिलीन ब्लू आणि इओसिन हे दोन्ही १८७० च्या दशकात जर्मनीतल्या बीएएसएफ कारखान्यात हाइनरिख कारोच्या हाताखाली तयार झाले, ते सूत आणि रेशीम रंगवायला. एक निळा, एक लाल. १८९१ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या दिमित्री रोमानोव्स्कीने दोन्ही एकत्र करून रक्तावर घातले आणि एक तिसराच जांभळा उमटला: परजीवीचं केंद्रक जांभळट लाल, भोवतीचं अंग निळं, जणू दगडी अंगठीत माणकाचा खडा. दोन रंगांतून तिसरा कुठून आला? मिथिलीन ब्लूचं द्रावण जुनं होऊन त्यावर बुरशी धरली होती, आणि बुरशी धरलेलंच वापरावं असं रोमानोव्स्कीने नोंदवलं. शिळं झाल्याने निळ्याचं थोडं विघटन होऊन त्यातून नवे रंग निघत होते. आपल्याकडे लोणचं मुरतं तसा हा रंग मुरायला हवा होता. त्याच वर्षी पॉल एर्लिखने हाच मिथिलीन ब्लू हिवतापाच्या दोन रुग्णांना औषध म्हणून पाजला. प्रयोगशाळेत बनलेला रंग हिवतापावर औषध म्हणून गेला तो हा पहिला प्रसंग. निदान आणि औषध एकाच बाटलीतून निघाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

पुढे लीशमनने १९०१ मध्ये आणि हॅम्बुर्गच्या गुस्ताव गिम्साने १९०४ मध्ये हा मुरलेला रंग भरवशाचा केला. गिम्साचं द्रावण ग्लिसरीन आणि मिथेनॉलमध्ये टिकायचं. तेच जगभर चाललं. मधल्या काळात सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात परजीवी पाहिला. त्या डासांना ज्याने आपलं रक्त पाजलं त्या हुसेन खान नावाच्या रुग्णाला रॉसने चावणाऱ्या दर डासामागे एक आणा दिला. हिवतापाच्या संशोधनाच्या खर्चाची इतकी नेमकी नोंद क्वचितच सापडते. रॉसला नोबेल मिळालं ते डासाबद्दल; पण खेड्याच्या दृष्टीने त्याचं दुसरं काम कमी मोलाचं नाही. १९०३ मध्ये त्याने जाड थराची पद्धत मांडली. रक्त पसरवून पातळ करण्याऐवजी एकावर एक थर द्यायचा, तांबड्या पेशींतला लाल रंग पाण्याने काढून टाकायचा आणि मागे राहिलेले परजीवी पाहायचे. पातळ थरात जे तासभर शोधावं लागे ते आता मिनिटांत सापडू लागलं. वर्तमानपत्रावर धरून पाहायचा तो गोल हाच.

काच हिंदुस्थानी झाली ती १९४४ मध्ये. कसौलीला १९०९ मध्ये स्थापन झालेली मध्यवर्ती हिवताप संस्था तोवर ‘मलेरिया इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया’ या नावाने दिल्लीत आली होती. तिथल्या जसवंत सिंग आणि भट्टाचारजी यांनी पाण्यात विरघळणारा रंग काढला. युद्ध चालू होतं. जर्मनीहून येणाऱ्या रंगाची आणि मिथेनॉलची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. त्यांनी मिथिलीन ब्लूमध्ये किंचित सल्फ्युरिक आम्ल आणि पोटॅशियम डायक्रोमेट घालून ते उकळलं. म्हणजे पीटर्सबर्गच्या बुरशीने महिन्यांत केलं ते काम आम्लाकडून तासाभरात करून घेतलं. हा रंग जेएसबी. एका बरणीत लाल, दुसरीत निळा; बुडवा, धुवा, बुडवा, धुवा, मिनिटभरात काच तयार. गिम्साला अर्धा-पाऊण तास लागतो. देशभरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या टेबलांवर निळ्या डागांचे जे वाटोळे ठसे दिसतात ते जेएसबीच्या बरण्यांचे. जगाच्या इतिहासात या दोघांना फारशी जागा नाही. पण कोट्यवधी काचा ज्या रंगात बुडाल्या तो त्यांचा, आणि तो स्वस्त होता म्हणूनच त्या कोट्यवधी झाल्या.

स्वातंत्र्यानंतर आकडा सांगितला जायचा तो असा: देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण, आठ लाख मृत्यू. मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी धारवाड आणि उत्तर कानडा जिल्ह्यांत डीडीटी फवारून हिवताप खाली आणून दाखवला होता. १९५३ मध्ये देशव्यापी नियंत्रण कार्यक्रम आला आणि १९५८ मध्ये नियंत्रणाच्या जागी निर्मूलन हा शब्द बसला. निर्मूलनाने काचेचा दर्जा बदलला. आधी ती रुग्णासाठी होती. आता ती देशासाठी झाली. दर दहा हजार वस्तीमागे एक माणूस, त्याने दर पंधरवड्याला प्रत्येक घरी जायचं, कोणाला ताप आला का विचारायचं, आला असेल तर काच घ्यायची. भिंतीवर ‘एनएमईपी’चा, म्हणजे राष्ट्रीय हिवताप निर्मूलन कार्यक्रमाचा, ठसा मारलेला असायचा आणि चौकटीत त्याने तारीख व सही करायची. गावात त्याला ‘मलेरियावाला’ म्हणत. वर्षाला लोकसंख्येच्या किमान दहा टक्के रक्तनमुने झालेच पाहिजेत असं उद्दिष्ट होतं. उद्दिष्ट म्हटलं की वर्षअखेरीला काय होतं, हे सरकारी कामाशी ज्याचा संबंध आला त्याला सांगायला नको.

मलेरियावाला काच घेताना चार गोळ्या द्यायचा. क्लोरोक्विनच्या चार, मोठ्या माणसाला एकदाच. याला कार्यालयीन मराठीत ‘गृहीतोपचार’ म्हणतात: ताप आहे, तर हिवताप गृहीत धरा. काच मग बसने, सायकलने, टपालाने प्रयोगशाळेत जायची. तिथे काचांचे ढीग. उत्तर यायला दहा-पंधरा दिवस, कधी त्याहून अधिक. ‘दूषित’ निघाली तर परत येऊन ‘समूळ उपचार’ द्यायचा, प्रायमाक्विनसकट. तोवर माणूस बरा होऊन शेतात गेलेला असायचा किंवा गेलेलाच असायचा. एवढ्या खटाटोपाची काच रुग्णाच्या उपयोगाची जवळजवळ नव्हतीच. त्याच्या उपयोगी पडल्या त्या चार गोळ्या, आणि त्या अंदाजाने दिलेल्या होत्या. अंदाजच डॉक्टर होता. काच फक्त कारकुनी करत होती.

हे कोणाला खुपलं नाही, कारण हिशेब तसा होता. समजा गोळ्यांची किंमत एक रुपया आणि तपासणीचा सगळा खर्च दहा रुपये. तापाचे शंभर जण आले, त्यांतले पाच हिवतापाचे. सगळ्यांना गोळ्या दिल्या तर शंभर रुपये. तपासून पाचांनाच दिल्या तर हजार आणि वर पाच. कोण तपासणार? क्लोरोक्विन इतकं स्वस्त होतं की चूक करणं परवडत होतं, आणि पंचाण्णव जणांना गरज नसताना गोळ्या गेल्या तरी सरकारच्या वहीत तो तोटा कुठेच दिसत नव्हता. १९६५ मध्ये देशातले रुग्ण लाखाच्या आसपास उरले, मृत्यूची नोंद शून्य. मग पैसा आटला, फवारण्या ढिल्या पडल्या, कर्तारसिंग समितीच्या १९७३ च्या शिफारशींनंतर मलेरियावाला ‘बहुउद्देशीय’ झाला. त्याच्या गळ्यात कुटुंबनियोजन पडलं, लसीकरण पडलं. पंधरवड्याची फेरी महिन्याची झाली, मग कागदावरची. १९७६ मध्ये रुग्ण चौसष्ट लाखांवर गेले.

आणि १९७३ मध्येच आसामच्या कार्बी आंगलाँगमध्ये असा फाल्सिपॅरम आढळला, ज्याला क्लोरोक्विन लागू पडत नव्हतं. तिथून हळूहळू देशभर. अंदाजाचं दिवाळं निघायला सुरुवात झाली ती या दिवसापासून, भले ते वाजायला तीस वर्षं लागली असतील.

कारण पुढचं औषध महाग होतं. चीनमध्ये तू योयो यांच्या गटाने १९७२ मध्ये एका दवण्याच्या जातीच्या झुडपातून आर्टेमिसिनिन वेगळं केलं. त्यावर आधारलेली जोडऔषधं या शतकाच्या सुरुवातीला आली तेव्हा क्लोरोक्विनच्या दसपट-वीसपट किमतीला होती. आता तोच हिशेब पुन्हा मांडा. औषध वीस रुपये, तपासणी दहा. अंदाजाने शंभर जणांना औषध: दोन हजार. तपासून: हजार, अधिक पाच जणांचे शंभर. अकराशेत काम झालं. तपासणीची किंमत एक पैसाही बदलली नाही, तरी ती एका रात्रीत परवडायला लागली. मात्र शंभरातले साठ हिवतापाचेच असतील तर तपासणी पुन्हा महाग: हजार अधिक बाराशे. म्हणून ऐन पावसाळ्यातलं गडचिरोलीचं एटापल्ली आणि उन्हाळ्यातलं सातारा यांना एकच उत्तर लागू पडत नाही.

जोडऔषधाची गरज दुर्गम भागात, आणि नेमकी तिथेच काच लंगडी. गडचिरोलीतच भामरागडला पर्लकोटा नदीचा पूर पुलावरून गेला की गावं तुटतात, ही बातमी वर्षानुवर्षं पावसाळ्यात छापून येत आली. हिवतापाचा मोसमही तोच. नदीच्या पलीकडे ताप, अलीकडे मायक्रोस्कोप. मायक्रोस्कोप नेऊन ठेवला तरी तो पाहणारा माणूस हवा, शंभर क्षेत्रं शांतपणे पाहील असा. मायक्रोस्कोपला वीज नाहीतर निदान आरशात पकडायला ऊन हवं, आणि आषाढात भामरागडला ऊन कुठलं. काचेचा खर्च काच, रंग, तेल यांत नव्हताच. तो रस्त्यात होता, पगारात होता आणि वाट पाहण्यात होता. हिशेबाच्या वहीत वाट पाहण्याला रकाना नाही.

पट्टी आली ती दुसऱ्याच घरातून. १९८० च्या दशकाच्या शेवटी गरोदरपणाची घरगुती तपासणी पट्टीवर आली: दोन रेघा उमटल्या की गोड बातमी. हिवतापाची पट्टी तिची सख्खी बहीण. फाल्सिपॅरम एचआरपी-टू नावाचं एक प्रथिन रक्तात सोडत राहतो. ते पकडणारी प्रतिपिंडं उंदराच्या पेशींकडून हवी तेवढी बनवून घ्यायची कला केंब्रिजच्या कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये शोधली, आणि तिचं पेटंट घेतलं गेलं नाही. घेतलं असतं तर ही पट्टी गडचिरोलीला कधी पोचली असती कोण जाणे. प्रतिपिंडांना सोन्याचे अतिसूक्ष्म कण चिकटवतात. सोनं इतकं बारीक केलं की ते पिवळं राहत नाही, लाल दिसतं. किटवर उमटणारी ती लाल रेघ सोन्याची आहे, हे आशाताईंना एकदा सांगून बघावं.

१९९३-९४ च्या सुमारास पहिल्या पट्ट्या टांझानियात आणि इतरत्र गावांतून वापरून पाहिल्या गेल्या. आपल्या कार्यक्रमात त्या २००५ च्या आसपास आल्या. त्याच वर्षी ‘आशा’ ही योजनाही आली, आणि दोघींची गाठ पडली. कार्यालयाने नाव दिलं ‘रॅपिड डायग्नोस्टिक किट’, त्याचं झालं ‘आरडीके’, आणि गावोगाव म्हणतात ‘आरडीके किट’, पावब्रेड म्हणावं तसं. सुई टोचा, थेंब खाचेत टाका, बाटलीतले थेंब टाका, पंधरा-वीस मिनिटं थांबा. एक रेघ आलीच पाहिजे, ती किट चालू असल्याची. दुसरी आली तर हिवताप. सुरुवातीच्या किटला फक्त फाल्सिपॅरम कळायचा. व्हायवॅक्स या दुसऱ्या जातीसाठी सोबत काच घ्यावीच लागे. २०१३ मध्ये दोन्ही ओळखणारी किट आली. त्याच वर्षीच्या औषध धोरणाने नियम घालून दिला: चोवीस तासांत मायक्रोस्कोपचं उत्तर मिळत असेल तर काच, नाहीतर किट, तपासल्याशिवाय औषध नाही. गृहीतोपचार, निदान कागदावर, संपला. तपासणीमागे आशाला पंधरा रुपये ठरले, पूर्ण उपचार करून घेतला तर पंचाहत्तर.

किट स्वस्तात पडते का? ठोक भावात तिची किंमत डॉलरच्या आतच राहिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २००८ मध्ये सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेवर एक अभ्यास आला. त्याचा निष्कर्ष असा की तापाच्या रुग्णांत हिवतापाचं प्रमाण ८१ टक्क्यांच्या खाली असेल तिथे किट अंदाजापेक्षा परवडण्याची शक्यता जास्त, आणि मायक्रोस्कोपपेक्षा तर जवळजवळ सगळीकडे. पण हा फायदा येतो कुठून हे वाचताना मी थबकलो. औषधाची बचत हा त्यातला लहान भाग. मोठा भाग ज्यांना हिवताप नाही त्यांचा: त्यांच्या तापाचं खरं कारण शोधलं जाईल, योग्य औषध मिळेल, जीव वाचेल. सगळं गणित एका गृहीतकावर उभं होतं, की डॉक्टर पट्टीचं ऐकेल.

डॉक्टर ऐकत नाही. टांझानियातच २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत किट आणि मायक्रोस्कोप यांची तुलना केली, तर तपासणीत हिवताप नाही असं निघालेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांना दोन्हीकडे हिवतापाचंच औषध लिहून दिलेलं आढळलं. मला त्या डॉक्टरांचं हसू येत नाही. समोर फणफणलेलं मूल, बाहेर रांग, आणि हातात एक ‘नाही’. अंदाजाला निदान एक औषध ठाऊक होतं. ज्या तपासणीचं उत्तर ऐकलं जात नाही तिच्याइतकी महाग वस्तू आरोग्य केंद्रात दुसरी नाही. किट फुकट मिळाली तरीही.

पट्टीलाही घराण्याचे रोग आहेतच. एचआरपी-टू औषधानंतरही आठवडे रक्तात रेंगाळतं, म्हणून बरा झालेला माणूस पुन्हा ‘दूषित’ दिसतो. तिथे काच जास्त खरी. विदर्भातला मे महिना किटच्या पाकिटावर छापलेल्या तापमानाच्या पार पुढे जातो, आणि पत्र्याच्या खोलीत ठेवलेली किट दिसायला धड पण आतून निकामी होऊ शकते. आणि काही परजीवींनी एचआरपी-टूचं जनुकच टाकून दिलं. पेरूच्या अमेझॉन खोऱ्यात ते २०१० मध्ये दिसलं, पुढे इरिट्रियात इतकं वाढलं की किट बदलावी लागली. मध्य भारतातही असे नमुने तुरळक सापडले आहेत. परजीवीला पट्टीवर रेघ उमटवायची हौस नाही. ज्या किटचा सगळ्यांना आधार, तिलाच चुकवणारा वाचतो आणि वाढतो. तेव्हा स्वस्त किटवर लक्ष ठेवायला महागडी काच आणि तिच्याहून महाग प्रयोगशाळा राखावी लागते.

रोग कमी होत गेला तसा हिशेब आणखी विचित्र झाला. २०१९ मध्ये देशात तेरा कोटींवर रक्तनमुने तपासले गेले आणि सापडले सुमारे ३ लाख ३८ हजार. एका रुग्णामागे जवळजवळ चारशे बोटं टोचली. हिवताप जितका आटेल तितका उरलेला एकेक रुग्ण महाग. गडचिरोलीशेजारच्या बस्तरमध्ये २०२० पासून ताप असो-नसो, घरोघर जाऊन किट लावल्या, तर सापडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांना काहीच लक्षण नव्हतं. ज्याला हीव भरलं नाही त्याचा हिवताप! पाळी मोजणाऱ्या आजीबाईला हे कोणी पटवून द्यायचं?

तीनशे नव्याण्णवांचं काय, हा प्रश्न मात्र काचेपासून पट्टीपर्यंत तसाच चालत आलाय. त्यांत न्यूमोनिया असतो, स्क्रब टायफस असतो, टायफॉइड असतो, डेंगी असतो, नुसता पावसाळी तापही असतो. घड्याळ लावून वीस मिनिटं झाली की आशाताई पट्टी उजेडात धरते. रेघ एकच. थर्मामीटर १०३ दाखवतो. ती वहीत ‘निगेटिव्ह’ लिहिते, पंधरा रुपयांच्या रकान्यात खूण करते, आणि पिशवीत दुसरं काही नसल्यामुळे पॅरासिटामॉलच्या दोन गोळ्या फाडून देते.